ओळीला ओळ

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसली, की पारोळा यायच्या आत त्यांचं नातं निघतं. आधी गाव विचारलं जातं, मग आडनाव, मग त्या गावातल्या त्या आडनावाचे नेमके कोणाचे. एरंडोलपर्यंत गाव जुळलेलं असतं. पुढे कोणाची तरी मावशी कोणाच्या तरी चुलत सासऱ्यांच्या घरात दिलेली सापडते, आणि पारोळ्याच्या स्टँडवर चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून दोघं हातघाईवर येतात. या सगळ्यात कागद लागत नाही की पेन.

हेच काम संगणकाला सांगायचं तर दोन आज्ञा आहेत, पेस्ट आणि जॉइन. कॉपी-पेस्टमधला पेस्ट तो हा नाही, हा त्याचा नुसता नावबंधू. माउस बाजूला ठेवून, काळ्या पडद्यावर टाइप करून वापरायच्या या आज्ञा. युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी रचायला घेतली. प्रत्येक आज्ञेने एकच काम करावं पण चोख करावं, हा तिथला रिवाज. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने तिच्यात 'पाइप' आला, म्हणजे एका आज्ञेच्या तोंडून पडलेल्या ओळी थेट दुसरीच्या ओंजळीत. पेस्ट आणि जॉइन याच घराण्यातल्या. आज बहुतेक लिनक्सवर त्या आयत्या मिळतात, आणि दहापैकी नऊ माणसांना त्या तिथे आहेत याचा पत्ताही नसतो. राहिलेल्या दहाव्याला नातेवाईक लग्नाच्या याद्या आणून देतात.

आमच्या घरातला तो दहावा मी. मुलगी धुळ्याची, मुलगा जळगावचा, आणि निम्मी पाहुणेमंडळी दोन्हीकडची. अशा लग्नात एका घरी दोन पत्रिका जातात आणि शेजारच्या घरी एकही जात नाही. मग त्या शेजारच्या घराचा रुसवा पुढच्या पिढीपर्यंत टिकतो. म्हणून याद्या एकत्र करायच्या असतात, आणि 'तुझ्याकडे तो काळा पडदा आहे ना' असं म्हणून त्या माझ्याकडे येतात.

पेस्टचा स्वभाव पंगतीचा आहे. दोन फाइली दिल्या, की पहिलीतल्या पहिल्या ओळीशेजारी तो दुसरीतली पहिली ओळ बसवतो, दुसरीशेजारी दुसरी, आणि मधे एक टॅब सोडतो. कोण कोणाशेजारी बसला, त्यांचं आपसात जमतं का, गेल्या वर्षी बांधावरून कोर्टात कोण गेलं होतं, हे वाढप्याने बघायचं नसतं. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी पत्रावळीवर पडली की त्याचं काम झालं. एक यादी आधी संपली तरी पेस्ट थांबत नाही. मोकळ्या पाटासमोरही तो पत्रावळ मांडतच जातो, दुसरी यादी संपेपर्यंत. कोणालाही उपाशी न ठेवणं हा त्याचा मोठा गुण, आणि कोणालाही कोणाच्याही शेजारी बसवणं हा दोष.

धुळ्याच्या काकांनी नावं एका फाइलीत लिहिली होती आणि त्यांच्या मुलाने मोबाइल नंबर दुसऱ्या फाइलीत. दोघं समोरासमोर बसून, एक वाचतोय आणि एक लिहितोय अशी. हे काम पेस्टचंच. आज्ञा दिली, एंटर दाबलं, आणि पडद्यावर नावांची चाळण झाली. काकांची फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली होती. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण ठेवतो. तिचा अर्थ, गाडी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणा. टाइपरायटरच्या जमान्यातली ही खूण अजून संगणकाच्या पोटात आहे. लिनक्सने ती इमानेइतबारे पाळली. नाव लिहिलं, गाडी मागे नेली, टॅबने सात-आठ घरं पुढे सरकवली आणि तिथून नंबर छापला. परिणाम असा, की प्रत्येक पाहुण्याचं पहिलं नाव शाबूत आणि आडनाव नंबराने गिळलेलं. आडनाव गेलेला पाहुणा खानदेशात फार काळ पाहुणा राहू शकत नाही. त्या खुणा एका आज्ञेने पुसता येतात, पण पाच मिनिटं ते दृश्य मी मनापासून बघून घेतलं. दोनशे माणसं, सगळी नुसती 'भास्कर', 'सुमनबाई', 'रघुनाथ'. जात, भाऊबंदकी, मानपान, काही म्हणून नाही.

पेस्टचा खरा घात याच्यापुढे आहे, आणि तो दिसतही नाही. नंबरांच्या यादीत एक ओळ राहून गेली, की तिथून खाली प्रत्येकाला शेजाऱ्याचा नंबर मिळतो. संगणक काही बोलत नाही. त्याच्या लेखी ओळीला ओळ मिळाली. चूक कळते ती अमळनेरच्या आत्यांना फोन लावल्यावर, शिरपूरचा कुठला तरी ट्रॅक्टरवाला 'बोला' म्हणतो तेव्हा.

या दुखण्याची धुळ्याला जुनी ओळख आहे, संगणकाच्या फार आधीपासूनची. समर्थभक्त नानासाहेब देव यांनी, म्हणजे शंकर श्रीकृष्ण देवांनी, रामदासी मठामठांतून पोथ्या गोळा केल्या. डोमगावच्या मठातल्या, रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातच्या प्रतीवरून दासबोध छापला गेला तो धुळ्यातूनच, १९०५ साली. त्या पोथ्यांसाठी पुढे समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. इतिहासाचार्य राजवाड्यांना सापडलेली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत १९०९ मध्ये धुळ्यातच छापून निघाली. हस्तलिखितांच्या कामात रोजचा घास हाच असतो, एका प्रतीतली ओवी दुसऱ्या प्रतीतल्या त्याच ओवीशेजारी मांडायची आणि शब्द कुठे बदललाय ते बघायचं.

आता नक्कल करणाराही माणूस. दिवस कलता, शाई वाळत आलेली, आणि एका ओवीचा शेवटचा शब्द खाली दोन ओव्यांनंतर तसाच पुन्हा आलेला. मान वर करून पुन्हा खाली बघताना नजर पहिल्यावरून उचलते आणि दुसऱ्यावर पडते. मधल्या दोन ओव्या गेल्या. आता या दोन प्रती नुसत्या ओळीला ओळ लावून जुळवल्या, तर तिथून पुढे प्रत्येक ओवीसमोर भलतीच ओवी उभी राहणार, आणि प्रत्येक शब्द हा पाठभेद ठरणार. म्हणूनच दासबोधासारख्या ग्रंथाची बांधणी मला नेहमी हुशारीची वाटते. वीस दशक, दर दशकात दहा समास, आणि समासातल्या ओव्यांना आकडे. साडेसात हजारांवर ओव्या, पण प्रत्येकीला स्वतःचा पत्ता आहे. एखादी गळली तरी गोंधळ फार तर समासाच्या कडेपर्यंत पोचतो, पुढच्या समासात आकडा पुन्हा एकपासून सुरू होतो. अर्थात ज्याने ओवी गाळली त्यानेच आकडे सलग घातले असतील, तर पत्ताही खोटा. पण संपादक म्हणवून घ्यायचं तर माणसाने थोडे कष्ट काढायला हवेतच.

ओळीला असा पत्ता असेल, तरच जॉइनचं काम. जॉइनला तुम्ही आधी सांगायचं, या फाइलीत ओळखीची खूण पहिल्या रकान्यात आहे, त्या फाइलीत तिसऱ्या. मग दोन्हीकडे खूण तंतोतंत सारखी असेल तिथेच तो ओळी जोडतो. त्याची एक अट आहे, दोन्ही याद्या त्या खुणेनुसार आधीच क्रमाने लावलेल्या हव्यात. नसतील तर 'फाइल क्रमाने नाही' असं म्हणून तो कुरकुरतो. पेस्ट कधी तक्रार करत नाही, जॉइन सारखी करतो. तरी मोठ्या कामात मी जॉइनच्याच बाजूचा.

राजवाडे बहुधा जॉइनच्याही बाजूचे झाले नसते. आज्ञेचं नाव इंग्रजी आहे एवढ्यावरच त्यांनी ती परत पाठवली असती. पण काम त्यांनी हेच केलं, आणि संगणकाला घाम फुटावा अशा अवस्थेतल्या सामग्रीवर. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' चा पहिला खंड निघाला, आणि मालिका बावीस खंडांपर्यंत गेली. गावोगावची दप्तरं, वाड्यांच्या माळ्यांवरचे कागदांचे रुमाल, वाळवीने अर्धी खाल्लेली पत्रं. जुन्या मराठी पत्रावर बऱ्याचदा चंद्र, म्हणजे महिन्यातला दिवस, असतो, महिना असतो आणि साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला कुठलं वर्ष चाललंय हे ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? दीडशे वर्षांनी तिसरा कोणी हे पत्र वाचणार आहे, हे त्या बिचाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे जोडायच्या ओळी हजारो, आणि ओळखीच्या खुणेतला नेमका महत्त्वाचा आकडा गायब. मग मजकुरातून वर्ष काढायचं. कुठली मोहीम चालू आहे, कोण आजारी आहे, वार आणि तिथी कुठल्या साली जुळतात, हे जंत्रीशी ताडायचं आणि मगच ते पत्र त्याच्या जागी ठेवायचं. अशा माणसाचा स्वभाव थोडा तापट झाला असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही. ३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्यातच गेले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्यांचा कागदांचा पसारा त्या मंडळाने सांभाळला.

लग्नाच्या यादीत सालाचा प्रश्न नसतो, पाटलांचा असतो. जळगावच्या यादीत आणि धुळ्याच्या यादीत सामाईक कोण, हे काढायला आडनाव ही खूण धरली, तर जॉइन एक भयंकर प्रामाणिक गोष्ट करतो. इकडच्या प्रत्येक पाटलाला तो तिकडच्या प्रत्येक पाटलाशी जोडतो. इकडे पंचवीस आणि तिकडे चाळीस पाटील असतील तर पडद्यावरून एक हजार ओळी धडधडत जातात. त्याचं चुकत नाही. खूण जुळली की जोड, एवढंच त्याला सांगितलंय. जळगाव जिल्ह्यात नुसत्या 'पाटील' या शब्दावर माणूस शोधायला निघणाऱ्याची हजार ओळी ही सौम्य शिक्षा आहे. चौधरी आणि महाजन आले की पुन्हा तेच.

मग गाव आणि नाव मिळून खूण करावी, तर गाव नीट लिहायला हवं. जळगावच्या यादीत एका ठिकाणी 'धुळे', एका ठिकाणी 'धुळं', आणि एका सरळमार्गी माणसाने, तोंडात येतं तसं, 'धुये'. अहिराणीत ळचा य होतो, त्यामुळे जळगावचं जयगाव आणि केळीची केयी. धुळ्याची ही रूपं बोलणाऱ्याच्या कानाला एकच, संगणकाला तीन. त्याला कान नाही. शिवाय क्रम लावायची सॉर्ट ही आज्ञा, तिला तुम्ही सांगाल त्या वर्णमालेने चालते. युनिकोडच्या आकड्यांनी चालवली तर तिथे ळ हा लच्या पाठीशी उभा आहे, आणि शाळेतल्या तक्त्यात तो हच्याही नंतर. क्रम लावताना एक वर्णमाला आणि जोडताना दुसरी असं झालं, की जॉइन पुन्हा कुरकुरणार. खानदेशी तोंडाने जो ळ कधीच निकालात काढला, त्याच्यासाठी दोन यंत्रणा भांडतात, ही गंमत एखाद्या भाषाशास्त्रज्ञाला सांगण्यासारखी आहे.

पूर्णविरामाच्या दंडाचंही तेच. ओव्यांची फाइल एका ओळीत ओढून, मधे मधे दंड घालून मागितली, तर जुन्या चालीचा पेस्ट दंडाचे तीन तुकडे करतो आणि एकेका फटीत एकेक तुकडा ठेवतो. त्याच्या हिशेबी एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि आपल्या दंडाला लागतात तीन. असा जोडलेला मजकूर उघडून बघितलात तर ओव्यांच्या मधे चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतील. ज्या कवयित्री बहिणाबाईंनी पेन हातात धरलं नाही, ज्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्या मंडळींनी ऐकून उतरवल्या आणि ज्यांची गाणी त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तकात आली, त्यांना दंड कुठे द्यायचा हे कोणी विचारलं नव्हतं. ओवी श्वासाच्या जागी थांबत होती, तेवढं पुरे होतं.

गावाबरोबर जिल्हा लिहिला तर आणखी मजा. पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा, ठाणं धुळ्याला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. युनिक्समध्ये स्प्लिट नावाची आज्ञा आहेच, तिला हे पटलं असतं. सोयरिकीने मात्र यातली एकही हद्द मनावर घेतली नाही. थोरल्या आत्यांच्या वहीत आजही शहाद्याच्या पुढे 'प. खा.' असतं, त्यांच्या धाकट्या जावेच्या वहीत 'जि. धुळे', आणि जावेच्या सुनेच्या मोबाइलमध्ये 'नंदुरबार'. तिन्ही पत्त्यांवर राहतो तो एकच मामा. जॉइनच्या मते ते तीन मामा. तिघांनाही आहेर करायचा म्हटलं तर घरात वाद होईल.

जॉइनमधला माझा आवडता भाग त्याच्या पोटातला आहे. तो न सांगता एक गोष्ट करतो. ज्यांना जोड सापडली नाही त्या ओळी गाळून टाकतो. गाजावाजा नाही, सूचना नाही. धुळ्याच्या यादीतला जो माणूस जळगावच्या यादीत नाही तो उत्तरातच येत नाही. पेस्टने कोणाला उठवलं नव्हतं. जॉइन शहाणा असूनही ही निर्दयता त्याच्यात आहे. पण त्यावर उपायही त्याच्याचपाशी. आज्ञेपुढे एक छोटी आडवी रेघ, 'व्ही' हे अक्षर आणि कितव्या फाइलीतले हवेत तो आकडा लिहिला, की तो उलटं करतो. जुळलेले सगळे बाजूला ठेवतो आणि फक्त बिनजोडीचे दाखवतो. मी प्रत्येक यादीवर हे आधी करतो. जुळलेल्या ओळींत वाचण्यासारखं काही नसतं, त्या सगळ्यांनाच ठाऊक असतात. खरी करमणूक या उरलेल्यांत आहे. 'साक्रीचे गुरुजी.' 'नाना, पंप दुरुस्ती.' 'बोदवडची ती.' 'भुसावळचे रेल्वेतले (जुने).' ही माणसं आडनावाने कोणी ओळखतच नव्हतं, म्हणून खुणेच्या रकान्यात त्यांना जागा नव्हती.

ही यादी छापून मी थोरल्या आत्यांपुढे ठेवतो. त्या चष्मा लावत नाहीत, मला वाचायला सांगतात, आणि दर ओळीला थांबवतात. साक्रीचे गुरुजी म्हणजे जळगावच्या यादीतले निकम सर, निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला गेलेले. बोदवडची ती म्हणजे कोण, हे सुनांना बाहेर पाठवून सांगितलं जातं. भुसावळच्या रेल्वेतल्या जुन्यांची बदली मनमाडला झाली होती, तिथेच ते स्थायिक झाले, आणि मनमाडकर म्हणून आपल्या मुलाकडच्या यादीत आहेतच की, तुला कसं दिसलं नाही? मी म्हणतो, मला दिसलं होतं, यंत्राला दिसलं नाही. आत्या यंत्राकडे असं बघतात, जसं नव्या सुनेने भाकरी थापायला घेतल्यावर बघावं.

एकदा एकाच नावावर गाडी अडली. 'वसंता, टायरवाले.' गाव नाही, आडनाव नाही, नंबर आहे पण लागत नाही. दुसऱ्या यादीत असा माणूस नाही, आणि दोन्हीकडचे म्हणतात हा तुमच्याकडचा. मी विचारलं, काढून टाकू का ओळ?

"काढतोस कशाला?" आत्या म्हणाल्या. "कोना शे तो आपल्याला ठाऊक नाही म्हणून तो नाही का होतो? दोन पत्रिका टाक त्याला, एक इकडनी, एक तिकडनी."

"पाठवू कुठे? पत्ता नाही."

"त्या चोपड्याच्या टायरच्या दुकानात दे. नाहीतर धरणगावच्या. उना म्हंजे इचारसूत."